फोर्टच्या फूटपाथवरचा रशिया: पुस्तके घेण्यापूर्वी

हुतात्मा चौकातून चर्चगेटकडे निघालात की वीर नरिमन रोडच्या कडेला जुन्या पुस्तकांचे ढीग दिसतात. स्टॉल पूर्वीइतके राहिले नाहीत, पण जे आहेत त्यांत रशिया हमखास सापडतो. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाने सोव्हिएत काळात इंग्रजीत आणि मराठीतही छापलेली पुस्तके भारतात इतक्या स्वस्तात आली, की छापणारा देशच १९९१ मध्ये संपला तरी ती अजून हातोहाती फिरत आहेत. झारशाहीविरुद्धची चळवळ, म्हणजे १८६१ च्या भूदासमुक्तीपासून १९१७ पर्यंतचा काळ, एवढाच विषय धरून हे ढीग उपसले तर चित्र स्पष्ट दिसते. जिंकलेल्या बाजूचे साहित्य भरपूर आणि टिकाऊ आहे, हरलेल्यांचे जवळपास नाही. मात्र हरलेली माणसे जिंकलेल्यांच्या पुस्तकांतल्या टिपांमध्ये बसलेली असतात. त्या टिपा वाचायची तयारी असेल, तर या विषयासाठी मुंबईत यापेक्षा चांगली स्वस्त जागा नाही.

सर्वांत जास्त दिसतो तो लेनिन. इंग्रजी समग्र वाङ्मयाचे ४५ खंड आहेत. अख्खा संच एका जागी क्वचितच मिळतो आणि या विषयाला तो लागतही नाही, सुटे खंड निवडावेत. खंड ५ मध्ये १९०२ ची ‘काय करावे?’ ही पुस्तिका आहे. खंड ८ आणि ९ हे १९०५ चे, म्हणजे पहिल्या रशियन क्रांतीच्या वर्षाचे. खंड २३ मध्ये झुरिकच्या तरुण कामगारांपुढे जानेवारी १९१७ मध्ये दिलेले १९०५ वरचे व्याख्यान आहे, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत झारने गादी सोडली. एकच खंड घ्यायचा असेल तर मात्र ७ वा घ्यावा. बोल्शेविक म्हणजे बहुमतवाले आणि मेन्शेविक म्हणजे अल्पमतवाले, हे सगळ्यांना पाठ असते. ते बहुमत कसे झाले, हे या खंडात मतामतांनी उलगडते. लेनिनच्या रशियन सोशल डेमोक्रॅटिक कामगार पक्षाच्या १९०३ च्या दुसऱ्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अधिवेशनात, ४३ प्रतिनिधी आणि ५१ मते होती (काहींना दोन मते होती). पक्षाचा सभासद कोणाला म्हणायचे, या पहिल्या कलमावर लेनिन हरला होता. पुढे मेन्शेविकांचा नेता झालेल्या मार्तोवचा मसुदा २८ विरुद्ध २२ ने मंजूर झाला, एक मत तटस्थ राहिले. पुढे ज्यू कामगारांच्या बुंदचे ५ आणि ‘अर्थवादी’ (राजकारणापेक्षा मजुरीच्या लढ्यावर भर देणाऱ्या) गटाचे २ प्रतिनिधी उठून गेले, आणि उरलेल्या ४४ मतांत लेनिनची बाजू वरचढ ठरली. ज्या ७ जणांच्या जाण्याने ‘बहुमत’ जन्माला आले, त्यांचा परिचय शेवटच्या टिपांत मिळतो. म्हणून शेवटची पाने फाटलेला खंड कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

‘काय करावे?’ या नावाने फसू नका. चेर्निशेव्हस्कीने पीटर-पॉल किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेली, १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी याच नावाची आहे आणि लेनिनने नाव तिच्यावरूनच घेतले. नरोदनिकांच्या, म्हणजे शेतकऱ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या लोकवादी क्रांतिकारकांच्या, दोन पिढ्या त्या कादंबरीवर वाढल्या. ती दिसली तर अवश्य उचला, फक्त पुस्तिका समजून कादंबरी किंवा कादंबरी समजून पुस्तिका घरी आणू नका.

सर्वाधिक चुका तारखांमध्ये होतात. रशियात जुने पंचांग चालत असे. ते १९ व्या शतकात आपल्या इंग्रजी तारखेच्या १२ दिवस आणि २० व्या शतकात १३ दिवस मागे होते. ३१ जानेवारी १९१८ नंतरचा दिवस थेट १४ फेब्रुवारी मोजला गेला, तेव्हा हा फरक मिटला. हा हिशेब किती महत्त्वाचा आहे, ते मुंबईच्याच एका उदाहरणावरून कळते. खंड १५ मध्ये जागतिक राजकारणातल्या स्फोटक परिस्थितीवर लेनिनचा लेख आहे. त्यात टिळकांची शिक्षा आणि मुंबईच्या कामगारांचा संप यांचा उल्लेख येतो. लेखाखाली २३ जुलै १९०८ ही तारीख आहे. फूटपाथपासून चालत काही मिनिटांवर असलेल्या हायकोर्टात टिळकांना शिक्षा झाली २२ जुलैला. नुसती तारीख पाहणाऱ्याला वाटेल, लेनिनने दुसऱ्याच दिवशी लेख छापला. पण ती तारीख जुन्या पंचांगाची आहे आणि कंसातली ५ ऑगस्ट ही खरी. म्हणजे २३ ते २८ जुलैचा गिरण्यांचा सहा दिवसांचा संप तोपर्यंत होऊन गेला होता, म्हणून तो लेखात येऊ शकला. पुस्तक घेताना तारखा दुहेरी दिल्या आहेत का, ते पाहा. एकेरी असतील तर पंचांग कोणते, हे प्रस्तावनेत शोधा. तेही सापडत नसेल तर १९०५ चा ‘रक्तरंजित रविवार’, म्हणजे पीटर्सबर्गमध्ये कामगारांच्या मोर्च्यावर सैन्याने गोळ्या झाडल्या तो दिवस, काढा. ९ जानेवारी दिली असेल तर जुने पंचांग, २२ जानेवारी असेल तर नवे.

मराठी आवृत्त्या घेताना नावांकडे नीट लक्ष द्या. रशियन ‘वोल्या’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, इच्छा आणि मोकळीक. ‘झेम्ल्या इ वोल्या’ या नरोदनिकांच्या संघटनेच्या नावात तो मोकळिकीच्या अर्थाने येतो: जमीन आणि स्वातंत्र्य. ही संघटना १८७९ मध्ये फुटली. त्यातून निघालेल्या ‘नारोदनाया वोल्या’मध्ये साधारणपणे तो इच्छेच्या अर्थाने घेतात: लोकेच्छा. फुटीतला दुसरा गट होता ‘चोर्नी पेरेदेल’ (जमिनीचे फेरवाटप), प्लेखानोवचा. याच प्लेखानोवने पुढे १८८३ मध्ये जिनिव्हात पहिला रशियन मार्क्सवादी गट काढला. अनुवादात मूळ रशियन नाव दिलेले नसेल तर या तिघांचा गोंधळ होतो. तसेच ‘समाजवादी क्रांतिकारक’ असे वाचले की कोणताही समाजवादी मनुष्य डोळ्यांसमोर येतो, पण ते एका विशिष्ट पक्षाचे, एसआर पक्षाचे नाव आहे. ‘कॅडेट’ म्हणजे एनसीसीतला नव्हे, संविधानवादी लोकशाही पक्षाच्या ‘का-दे’ या आद्याक्षरांवरून पडलेले नाव. ‘सोशल डेमोक्रॅट’ म्हणजे त्या काळात मार्क्सवादी, त्यात लेनिनही आला. ‘झेम्स्त्वो’ला अनुवादक जिल्हा बोर्ड म्हणतात, ते चालण्याजोगे आहे. १८६४ पासूनची ही स्थानिक मंडळे शाळा, रस्ते आणि दवाखाने पाहत असत. उदारमतवाद्यांचा विरोध याच मंडळांतून उभा राहिला.

आवृत्ती कितपत प्रामाणिक आहे, हे पाहायला एक सोपी कसोटी आहे. नामसूची उघडा आणि १९०५ च्या पीटर्सबर्ग सोव्हिएतचा (कामगार प्रतिनिधींच्या मंडळाचा) अध्यक्ष कोण दिला आहे ते शोधा. आधी ख्रुस्तालोव-नोसार होता. त्याला नोव्हेंबरच्या अखेरीस अटक झाली, तेव्हा सूत्रे ट्रॉट्स्कीकडे आली आणि ३ डिसेंबरला सगळेच पकडले गेले. ट्रॉट्स्की पुढे स्टालिनचा शत्रू ठरला, म्हणून पुस्तकात त्याचे नाव नसेल किंवा केवळ शिवीसारखे येत असेल, तर बाकीचा मजकूरही त्याच सावधपणे वाचा. असे पुस्तक टाकाऊ नसते. त्यात काय गाळले आहे, हे माहीत असायला हवे इतकेच.

आता प्रत तपासण्याबद्दल. सोव्हिएत पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकांची शिलाई मजबूत असते, दगा देतात ते मधून गळणारे फर्मे, म्हणजे एकत्र घडी करून शिवलेले पानांचे गठ्ठे. बहुतेक पुस्तकांत दर १६ पानांच्या फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा छापलेला असतो. पान १७, ३३, ४९ असे १६-१६ ने पुढे जात आकडे क्रमाने येतात का पाहा, काही पुस्तकांत फर्मा ३२ पानांचा असतो. एक आकडा गळला म्हणजे सोळा पाने गेली. पातळ पुस्तिकांच्या पिना मुंबईच्या दमटपणात गंजतात आणि मधली पाने त्या डागावरच फाटतात, त्यामुळे पुस्तिका मधोमध उघडून पाहा. चिकटवलेल्या कण्याचे पुस्तक ताणून उघडू नका, डिंक वाळून काचेसारखा तडकतो. वाचनालयाच्या शिक्क्याने काही बिघडत नाही. मात्र आत घडी करून चिकटवलेला नकाशा असेल तर तो जागेवर आहे का, ते पाहून घ्या. पावसाळ्यात ताडपत्रीखालचे ढीग खालून ओल धरतात, म्हणून जून ते सप्टेंबर तळातली पुस्तके टाळा. घरी आणल्यावर कसर दिसली तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडायची नाही, नाहीतर आत पाणी सुटते. बुरशी मात्र या उपायाने मरत नाही, म्हणून बुरशीची प्रत घेऊच नका.

भाव बहुधा जाडी आणि पुठ्ठा पाहून सांगितला जातो, आतला मजकूर पाहून नाही. त्यामुळे पक्ष-काँग्रेसचे ठराव, पक्ष-कार्यक्रम अशा पातळ पुस्तिका सर्वांत फायद्याच्या पडतात.

जे मिळत नाही तेही सांगायला हवे, कारण सगळ्यात जास्त खटकते ते तेच. १ मार्च १८८१ ला झार अलेक्झांडर दुसरा नारोदनाया वोल्याच्या हल्ल्यात मारला गेला. त्याबद्दल फाशी गेलेल्या पाच जणांत सोफिया पेरोव्स्काया होती, कटात नेतृत्व होते झेल्याबोवचे. त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक या ढिगांत मिळणे फार कठीण. एसआर पक्षाची तऱ्हा तर अन्यायाचीच म्हणावी लागेल. नोव्हेंबर १९१७ च्या संविधानसभेच्या निवडणुकीत सर्वाधिक मते या पक्षाला पडली, बोल्शेविकांना सुमारे चौथा हिस्सा. पण फूटपाथवर त्यांच्या वाट्याला येतात त्या टिपेतल्या चार ओळी. १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेव्हे यांची हत्या करणाऱ्या त्यांच्या लढाऊ संघटनेचा प्रमुख अझेफ स्वतःच पोलिसांचा हस्तक होता आणि १९०८ मध्ये क्रांतिकारक पत्रकार बुर्त्सेवने त्याला उघडे पाडले, हा प्रसंगही अशाच टिपांतून जुळवावा लागतो.

एसआरांच्या आणि त्यांच्यासारख्या परदेशस्थ रशियनांच्या शोधात रशियाचा ढीग सोडून मराठी चरित्रांचा ढीग उपसा. सेनापती बापट आणि बंगालचे हेमचंद्र दास पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवायला शिकले, आणि बापटांवरच्या जुन्या मराठी पुस्तकांत ती माणसे मधूनच भेटतात. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या स्टॉलवर पाठ्यपुस्तके अधिक, त्यामुळे रशियावर तिथे मिळाले तर एखादे एम.ए.चे संदर्भपुस्तक मिळेल. पण पाश्चात्त्य विद्यापीठांतून आलेली, मेन्शेविक आणि उदारमतवादी यांना स्वतंत्र प्रकरणे देणारी पुस्तके याच ढिगांत लपलेली असतात, म्हणून मुखपृष्ठाकडे न पाहता अनुक्रमणिका उघडावी. कॅडेटांचे साहित्य सर्वांत दुर्मीळ. मिल्युकोव किंवा स्त्रुवे या त्यांच्या पुढाऱ्यांचे लेखक म्हणून नाव असलेले काहीही दिसले, तर घासाघीस न करता घ्या.