बी.सी. विधानसभेचं हॅन्सर्ड: फुकट आहे, नक्की वाचा

कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या विधानसभेत जे बोललं जातं ते सगळं ऑनलाइन वाचायला मिळतं, त्याला हॅन्सर्ड म्हणतात, व्हिडिओपण आहेत, पैसे लागत नाहीत. मी गेले काही आठवडे २०१७ ते २०२० ची टर्म वाचतोय आणि खरं सांगतो, सोडवत नाहीये.

हीच टर्म का, तर अल्पमतातलं सरकार. ८७ जागा, त्यात लिबरल पक्ष ४३, एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) ४१, ग्रीन पक्ष ३. आधी २९ जून २०१७ चं कामकाज उघडा. लिबरलांच्या क्रिस्टी क्लार्क, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या मुख्यमंत्री, यांच्या सरकारवर सभागृहाचा विश्वास नाही अशी दुरुस्ती एनडीपीचे नेते जॉन होर्गन यांनी मांडलेली, ती ४४ विरुद्ध ४२ ने पास झाली. लिबरल ४३ मग मतं ४२ कशी, तर त्यांचा एक जण स्पीकरच्या खुर्चीत! आणि खाली बाजूने कोण, विरोधात कोण, एकेकाचं नाव छापलेलं.

ती यादी बघून मला आपलं २०१४ आठवलं. २८८ च्या सभागृहात भाजपचे निवडून आलेले १२२ आणि १२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर, मतविभागणी मागणारे ओरडत राहिले पण डोकी मोजलीच नाहीत. त्या दिवशी कोणता आमदार कुठल्या बाजूला होता हे नावानिशी दाखवायची सोयच राहिली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे होर्गन सरकार ग्रीनच्या पाठिंब्यावर चाललं. सप्टेंबर २०१७ मध्ये लिबरलांचेच डॅरिल प्लेकास स्पीकर झाले, पक्षाने त्यांना काढून टाकलं, पण विरोधकांचं एक मत गेलं ते गेलंच. एक-दोन मतांवर सगळं तरलेलं असताना प्रत्येक नाव वाचायला मजा येते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ अजिबात चुकवू नका, मूलनिवासींच्या हक्कांचा कायदा आला तेव्हा त्यांचे नेते सभागृहात येऊन बोलले आणि कायदा एकमताने पास झाला, मी ते दोनदा वाचलं.

एक टीप, ताज्या दिवसाचा मजकूर कच्चा असतो, त्याला ब्लूज म्हणतात, कुठे उद्धृत करायचं असेल तर पक्की प्रत येऊ द्या. आणि २०२० ची निवडणूक होर्गन यांनी मुदतीआधी लावली, सभागृहात हरून नाही, त्यामुळे ते कसं घडलं हे इथे सापडणार नाही. ग्रीनने ज्यावर पाठिंबा दिला तो एनडीपी-ग्रीन करार वेगळा डाउनलोड करून शेजारी ठेवा.