पहिल्या पाच वर्षांत कुठला ग्रुप धरावा? फॅमिली डॉक्टरसाठी तीन पर्याय, शेजारी शेजारी

डीएनबी फॅमिली मेडिसिन, म्हणजे फॅमिली डॉक्टरकीचं पदव्युत्तर शिक्षण, संपवून बाहेर पडलेल्या दोन ज्युनियरनी एकाच आठवड्यात मला एकच प्रश्न विचारला. सर, कुठला ग्रुप जॉइन करू? एकीने नाशिकमध्ये हॉस्पिटलची नोकरी धरली आहे, दुसऱ्याने गावाकडे स्वतःचा दवाखाना टाकला आहे. दोघांनाही फोनवर घाईत जे सांगितलं ते अर्धवट होतं, म्हणून इथे नीट लिहितो.

आयएमए, जीपी असोसिएशन, एएफपीआय (भारतातल्या फॅमिली डॉक्टरांची अकादमी) अशा डॉक्टरांच्या संघटनांचं सभासदत्व हा वेगळा विषय आहे. ते घ्यावंच, त्यात निवड करण्यासारखं फार नाही. मी बोलतोय ते इंटरेस्ट ग्रुपबद्दल. म्हणजे एखादा विषय किंवा एखादी कामाची पद्धत धरून दहा-वीस किंवा दोनशे डॉक्टर नेमाने एकत्र येतात, ते गट. सकाळ-संध्याकाळची ओपीडी, अधूनमधून घरच्या व्हिजिट आणि उरलेला रविवार, एवढ्यात मनापासून एकच गट जमतो असा माझा अनुभव. तीनही प्रकारच्या गटांत मी वर्ष-दोन वर्षं काढली आहेत. आज एका गटात पूर्ण आहे, दुसऱ्यात जमेल तसा, आणि तिसऱ्याचे मेसेज फक्त वाचतो.

पहिला प्रकार विषयाचा गट. मधुमेह, वृद्धांचे आजार, मानसिक आरोग्य, पॅलिएटिव्ह केअर, ज्याला जो विषय भावेल तो. मी मधुमेहाच्या गटात होतो. दोनशेच्या वर डॉक्टर, व्हॉट्सॲपवर दिवसभर चर्चा, महिन्यातून एक व्याख्यान. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षात या गटाने मला उभं केलं, हे मी आधीच सांगून टाकतो. नवरात्राचंच घ्या. पुस्तकात उपवास म्हटलं की साखर कमी होण्याची भीती. आपल्याकडच्या नऊ दिवसांच्या उपवासात मात्र पेशंट साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वरीचे तांदूळ खातो आणि साखर तीनशेच्या घरात घेऊन येतो. उलट एखादी बाई पाण्याचा थेंब न घेता उपवास धरते आणि सकाळची ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी मात्र न चुकता घेते. तिची खरी काळजी. आणि ग्लिफ्लोझिन गटातली, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असलेला पेशंट निर्जळी उपवास धरणार असेल तर ती गोळी आधीच थांबवावी लागते. हे सगळं मला त्या गटातल्या कोल्हापूरच्या एका सीनियर सरांनी घटस्थापनेच्या आठवडाभर आधी समजावलं. ज्या घरात फ्रीज नाही तिथे इन्सुलिनची बाटली माठाजवळ ओल्या कापडात कशी ठेवायला सांगायची, पायाची संवेदना मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या बारीक तंतूने, दोन मिनिटांत कशी तपासायची, हेही तिथलंच. ज्याला अजून हात बसायचा आहे त्याला असा गट सोन्यासारखा आहे.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी तिथून हळूहळू बाजूला झालो ती सांगतो.

माझ्याकडे एकसष्ट वर्षांच्या एक मावशी येतात. शेतकरी घरातल्या. बरीच वर्षं दोन वेळचं मिक्स इन्सुलिन, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी आठ टक्क्यांच्या आसपास. एकदा ती एकदम ११.४ आली. मावशी म्हणाल्या, खाणंपिणं तेच आहे, इंजेक्शनही चालू आहे. मी रात्री पावणेदहाला रिपोर्ट गटात टाकला. दहा वाजेपर्यंत चौदा उत्तरं. डोस वाढव. एक गोळी जोड. थायरॉइड बघ. इन्सुलिनची बाटली खराब असेल. टोचायची जागा कडक झाली आहे का बघ. एकही उत्तर चुकीचं नव्हतं. जागा तपासली, बाटली बदलली, मग डोस वाढवला. तीन आठवड्यांनी पहाटे तीनला त्यांच्या मुलाचा फोन. आईला दरदरून घाम फुटलाय, काहीतरी असंबद्ध बोलतेय. साखर ४८. मी पोहोचेपर्यंत त्यांनी साखरेचं पाणी पाजलं होतं, मावशी सावरल्या.

त्या रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात बसल्यावर मला कळलं ते असं. इंजेक्शन सून द्यायची. सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, जवळजवळ अडीच महिने. तेवढे दिवस मुलगा आठवलं तर टोचायचा, नाही तर राहून जायचं. मग सून परत आली आणि मी वाढवलेला डोस तिने घड्याळ लावून, एकही वेळ न चुकवता द्यायला सुरुवात केली. मावशींनी मला हे आधी का सांगितलं नाही? डॉक्टर रागावतील म्हणून.

मी हे गटात लिहिलं नाही. आणि ज्या चौदा जणांनी सल्ला दिला होता, त्यातल्या एकानेही नंतर विचारलं नाही की त्या पेशंटचं पुढे काय झालं. हीच ती गोष्ट. त्यांचा दोष काढत नाही. दुसऱ्याच दिवशी गटात नवीन ईसीजी आला, मग कुणाचा वाढदिवस आला, माझी केस चाळीस मेसेज वर सरकली. मीही इतरांच्या केसवर उत्तरं देत होतो आणि मीही कधी मागे वळून विचारलं नव्हतं. दोनशे माणसांच्या गटाची रचनाच तशी असते, प्रश्न येतो, उत्तर जातं, प्रश्न संपतो. आपलं काम मात्र तिथे संपत नाही. तोच माणूस पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, त्याच्या नातवाला घेऊन आपल्याकडेच येणार असतो. एकदा हे लक्षात आलं आणि मग मला ते सतत खुपायला लागलं. प्रत्येक केसखाली मी शोधायचो, कुणी विचारलंय का? क्वचितच कुणी विचारलेलं असायचं.

दुसरा प्रकार, जागतिक जाळं. वोन्का ही फॅमिली डॉक्टरांची जागतिक संघटना १९७२ सालची. तिच्या प्रत्येक विभागात तरुण डॉक्टरांची एकेक चळवळ आहे. युरोपची वास्को द गामा, आशिया-पॅसिफिकची राजकुमार, आपल्या दक्षिण आशियाची स्पाइस रूट. शिकत असलेले आणि शिक्षण संपून पाच वर्षांच्या आतले, एवढ्यांसाठीच त्या आहेत. म्हणजे ही खिडकी पाच वर्षांनी बंद होते, हे लक्षात ठेवा. ग्रामीण आरोग्याचं वेगळं वर्तुळही आहे. त्याची जागतिक परिषद २०१८ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत झाली होती.

या जाळ्यात मला जे मिळालं ते दुसरीकडे मिळालं नसतं. नेपाळमधली माझ्याच वयाची एक डॉक्टर, श्रीलंकेतला एक, आणि प्रश्न मात्र माझ्याच दवाखान्यातले. सर्पदंशाचा पेशंट पोहोचेपर्यंत गेलेला वेळ, रेफर केलेला पेशंट वाटेतूनच घरी परतणं, औषधाचे पैसे. ग्रामीण गटात एकदा मी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल बोललो. कोकणात विंचूदंशाने माणसं दगावत होती, आणि तिथल्याच छोट्या दवाखान्यात निरीक्षणं मांडून त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवला, तो १९८० च्या दशकात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हे सांगताना माझाच आवाज थोडा बदलला असावा. पलीकडच्या लोकांनी पेन्सिल घेऊन नाव लिहून घेतलं. खेड्यातला प्रश्न खेड्यातच सुटू शकतो, आपणही आपल्या केसची नीट नोंद ठेवली पाहिजे, ही ओढ मला त्या बैठकांनी लावली. परदेशातल्या फॅमिली डॉक्टरकडे काही दिवस राहून काम बघण्याचीही सोय या जाळ्यातून होते. मी गेलो नाही, पण ज्याच्यावर अजून दवाखान्याची जबाबदारी नाही त्याने जरूर बघावं.

अडचण साधी आहे. मी ज्या गटात बसायचो त्याची ऑनलाइन बैठक लंडनच्या घड्याळाने दुपारी एकच्या सुमारास. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. बाहेर बाकावर बारा माणसं, आत मी कानात इयरफोन घालून, कंपाउंडर दारातून डोकावतोय. तीन-चार वेळा जमवलं. नोकरीत असाल आणि संध्याकाळ मोकळी असेल तर ही अडचण तुम्हाला लागूही होणार नाही. म्हणून नाशिकच्या ज्युनियरला मी हाच पर्याय आधी सुचवला.

तिसरा प्रकार छोटा केस-गट, बालिंट पद्धतीचा. नाव ऐकलं असेल. मायकेल आणि एनिड बालिंट या दांपत्याने १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांना घेऊन हे सुरू केलं. आम्ही आठ जण महिन्यातून एका रविवारी दुपारी साताऱ्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसतो. मी कराडजवळून जातो, तासाभराचा रस्ता. एक सीनियर फॅमिली डॉक्टर सर आणि एक समुपदेशक मॅडम गट सांभाळतात. पद्धत ठरलेली. एक जण केस सांगतो, कागद न बघता, पाच-सात मिनिटं. मग काही विचारायचं असेल तर विचारायचं. मग सांगणारा खुर्ची थोडी मागे घेतो आणि गप्प बसतो, बाकीचे बोलतात. डोस कितीचा, तपासणी कुठली, यावर नाही. हा पेशंट आणि हा डॉक्टर यांच्यामध्ये काय चाललंय, यावर. जे बोललं जातं ते खोलीबाहेर जात नाही आणि पेशंटचं नाव कुणी घेत नाही.

मी दुसऱ्याच बैठकीला मावशींची केस सांगितली. खुर्ची मागे घेतल्यावर पहिली पाच मिनिटं कठीण गेली. मला वाटत होतं, आता कुणीतरी म्हणेल, अरे, सुई कोण टोचतंय हे विचारायला नको होतं? तसं कुणी म्हटलं नाही. वाईची एक डॉक्टर म्हणाली, "मी मावशींच्या जागी बसून बघतेय. तुम्ही प्रत्येक वेळी रिपोर्ट बघून आधी आकडा मोठ्याने वाचता. मला आकडा चांगला आणायचा असतो, म्हणून मी घरातलं सांगत नाही." मी घरी येईपर्यंत, गाडी चालवताना, तेच वाक्य डोक्यात होतं. खरंच मी आकडा मोठ्याने वाचायचो. लहानपणी प्रगतिपुस्तक वाचावं तसा. तेव्हापासून मी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी घरचं विचारतो, कोण आहे, कोण गेलंय, स्वयंपाक कोण करतंय. दिवसाला पाच-दहा मिनिटं जास्त जात असतील.

आणि पुढच्या महिन्यात बैठक सुरू होताना सरांनी पहिला प्रश्न विचारला, मागच्या वेळच्या मावशी कशा आहेत? ही त्या गटाची रीतच आहे. नवीन केस घेण्याआधी जुन्या पेशंटची चौकशी. मला ज्या गोष्टीची चुटपुट होती ती इथे पहिल्या पाच मिनिटांतच होती. माझ्यापुरता निर्णय त्या दिवशी झाला.

उणिवा आहेत, त्या लपवत नाही. एमएमसीच्या, म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या, नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, आमच्या बैठकीचे शून्य मिळतात. ते सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या प्रशिक्षण-व्याख्यानांना, जाऊन वेगळे गोळा करावे लागतात. औषधाची शंका असेल तर इथे उत्तर मिळत नाही, त्यासाठी मधुमेहाचा तोच गट मी अजूनही उघडतो. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे असे गट आपल्याकडे फार थोडे आहेत आणि ते चालवायला शिकलेली माणसं त्याहून थोडी. चांगला सांभाळणारा नसेल तर दुसऱ्या महिन्यापासून गप्पा हॉस्पिटलच्या राजकारणावर आणि फीवर येतात. मी एक गट असा विरताना पाहिला आहे. सगळ्यांना हे मानवेल असंही नाही. माझ्या बॅचचा एक मित्र दोनदा आला, म्हणाला, मला उत्तर हवं असतं, इथे प्रश्नच वाढतात. तो आजही उत्तम फॅमिली डॉक्टर आहे.

म्हणून माझं मत असं, आणि ते फक्त माझ्या प्रॅक्टिसवरून आहे. पहिलं वर्ष असेल, हात अजून कापत असेल, तर विषयाचा गट घ्या, पण त्यात विचारणारे व्हा. आपण सल्ला दिलेल्या केसची तारीख लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी विचारा. संध्याकाळ मोकळी असेल, बाहेर जाऊन शिकायचं असेल तर पाच वर्षं संपायच्या आत जागतिक जाळं बघा. दवाखाना स्वतःचा असेल, तीच कुटुंबं पुढची वीस वर्षं येणार असतील, तर तासाभराच्या अंतरावर छोटा केस-गट आहे का ते आधी शोधा. नसेल तर चार मित्र आणि एक समुपदेशक धरून सुरू करा. आम्हीही तसंच सुरू केलं.

गावाकडच्या ज्युनियरला मी पुढच्या रविवारी साताऱ्याला ये म्हटलंय, नुसतं बसून बघ. त्याआधी मला मावशींची खबर तयार ठेवायची आहे. सून भावाच्या लग्नासाठी पंधरा दिवस माहेरी निघाली आहे. या वेळी मावशी स्वतः आठवडाभर आधी दवाखान्यात आल्या. मुलाला सोबत घेऊन. म्हणाल्या, याला टोचायला शिकवा.