सहा वर्षं एकाच केबलवर: आमच्या घरच्या इंटरनेटचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. डॅलसच्या उत्तरेला आमच्या भागात राहणाऱ्यांना ते सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांच्या गावात याच स्वभावाची दुसरी एखादी असेलच. घर घेतलं ऑक्टोबर 2017 मध्ये. एजंटने शाळा दाखवल्या, एचओएचे (इथली घरमालकांची सोसायटी) नियम वाचून दाखवले, पण इंटरनेट कोणाचं येतं हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, पुण्यात कसे एका सोसायटीत चार केबलवाले घिरट्या घालतात तसंच असेल म्हटलं. इथे एकच. घ्या नाहीतर बसा.

प्लॅन होता डाउनलोड 300 एमबीपीएस, अपलोड 10. पहिलं वर्ष 50 डॉलर, तेराव्या महिन्यात न सांगता 79, वर मोडेमचं भाडं 12, वर महिन्याला एक टेराबाइट डेटाची मर्यादा, म्हणजे कॅप. डाउनलोडबद्दल तक्रार नाही, खरंच नाही, क्रिकेट मॅच सुद्धा न अडकता दिसायची. अपलोड मात्र कहर. 2020 मध्ये मी एका खोलीत मीटिंगला, बायको दुसऱ्या खोलीत, मुलगी झूमवर शाळेत, आणि त्यात नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल आला की सगळ्यांचेच चेहरे गोठायचे. आई म्हणायची, आमचं इकडे सहाशे-सातशे रुपयांत झक्कास चालतंय, तुमच्या अमेरिकेला काय झालं रे? काय सांगणार कपाळ.

आता मुद्द्यावर येतो, कारण हा रिव्ह्यू नुसता स्पीडचा नाहीये. आम्ही घरात सामान लावत होतो तेव्हाच, 14 डिसेंबर 2017 ला, एफसीसीने, म्हणजे फोन-इंटरनेटवर देखरेख करणाऱ्या इथल्या सरकारी आयोगाने, 3 विरुद्ध 2 मतांनी ओबामाच्या काळातला 2015 चा नेट न्यूट्रॅलिटीचा नियम (वायरवाल्याने सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवायचं) काढून टाकला. एफसीसीचे तेव्हाचे चेअरमन अजित पै, आईवडील भारतातून आलेले डॉक्टर, स्वतः कॅन्ससमधल्या पार्सन्स नावाच्या छोट्या गावात वाढलेले. आमच्या मराठी ग्रुपवर निम्मे लोक आता इंटरनेट संपलं म्हणून रडत होते आणि उरलेले निम्मे पै गोव्याचे की मंगळूरचे यावर भांडत होते. मी रडणाऱ्यांत. आता व्हिडिओचा पॅक वेगळा, ईमेलचा वेगळा, चॅनलच्या पॅकसारखं होणार अशी खात्रीच होती मला, म्हणून रोज रात्री साडेनऊला स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट ठेवायला लागलो. जून 2018 मध्ये निर्णय अमलात आला. पुढचे चार महिने स्क्रीनशॉट काढले. काही म्हणजे काही बदललं नाही, सरळ रेष. हे लिहायला जिवावर येतंय पण रिव्ह्यू आहे तर खरं लिहावं.

आमच्या उजव्या हाताचे शेजारी रिटायर्ड आहेत, तीस वर्षं टेलिफोन कंपनीत खांबावर चढून वायरी ओढलेला माणूस, पक्के रिपब्लिकन. ते कुंपणापलीकडून विचारायचे, काय, पडलं का आभाळ? त्यांचं म्हणणं असं की 2015 च्या नियमाने इंटरनेटला 1934 च्या टेलिफोनच्या कायद्यात, त्यातल्या फोन कंपन्यांना बांधणाऱ्या टायटल टू या भागात कोंबलं होतं, आज सरकार म्हणतंय आम्ही दर ठरवणार नाही पण उद्या ठरवेल, मग वायर टाकायला पैसे कोण घालणार? आमचे सिनेटर टेड क्रूझ तर 2014 लाच याला इंटरनेटचं ओबामाकेअर (ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा, रिपब्लिकनांना नकोसा) म्हणून मोकळे झाले होते. मला तेव्हा ती फक्त घोषणा वाटायची. शेजाऱ्यांकडून ऐकल्यावर कळलं की त्यामागे एक अनुभव पण आहे: त्यांनी ती जुनी सरकारमान्य मक्तेदारी आतून पाहिलीय. घरातला फोन सुद्धा कंपनीचा, दर महिन्याला त्याचं भाडं, दुसरं कसलंच यंत्र जोडायचं नाही. नियमाने गिऱ्हाइकाला नाही, कंपनीला सांभाळलं असं ते म्हणतात, आणि यात तथ्य आहे.

पण मग त्यांनीच मला कार्टरफोनची गोष्ट सांगितली, आणि तिथे ते स्वतःच अडकले. कार्टर नावाचा इथला डॅलसचाच माणूस, त्याने टेलिफोनला रेडिओ जोडायचं यंत्र बनवलं, फोन कंपनीने मोडता घातला, आणि 1968 मध्ये निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूने लागला की नेटवर्कला धोका नसेल तर आपलं यंत्र जोडता येतं. मी विचारलं, निकाल दिला कोणी? म्हणे एफसीसीने. मग झालं तर! हसले, म्हणाले ते एफसीसी वेगळं होतं.

त्या गोष्टीचा फायदा मात्र मला झाला. म्हणाले, अरे मग तू मोडेमचं भाडं का भरतोस, स्वतःचा घे. 2019 मध्ये 90 डॉलरचा घेतला, आठ महिन्यांत पैसे वसूल व्हायला हवे होते. व्हायला हवे होते असं का म्हणतोय ते शेवटी सांगतो.

कॅपबद्दल. कंपनीचं स्वतःचं टीव्ही ॲप वापरलं तर डेटा कॅपमध्ये मोजायचे नाहीत, बाकी सगळं मोजायचे. मला हा सरळ सरळ पंक्तिप्रपंच वाटतो. भारतात ट्रायने (तिकडची टेलिकॉम नियामक संस्था) फेब्रुवारी 2016 मध्ये असे भेदभावाचे दरच बंद केले, फेसबुकची ठराविक साइट फुकट देणारी फ्री बेसिक्स स्कीम त्यातच गेली. इथे एफसीसीने अशा स्कीमची चौकशी चालवली होती ती पै यांनी फेब्रुवारी 2017 मध्ये बंद केली. शेजारी म्हणतात फुकट मिळतंय ते नको म्हणणारा तूच पहिला पाहिला. कॅलिफोर्नियाने कायदा केल्यावर 2021 मध्ये एटीअँडटीने आपली तशी सवलत काढून घेतली, हे उदाहरण ते दर वेळी देतात. माझं म्हणणं एवढंच की फुकट कुणाचं ॲप द्यायचं हे वायरवाला ठरवणार असेल तर नवीन ॲपवाल्याने जायचं कुठे.

आणि एक, हा माझा हुकमाचा पत्ता. 2005 ला सुप्रीम कोर्टात ब्रँड एक्स नावाची केस झाली. केबल इंटरनेट टेलिफोनसारखी सेवा नाही हे एफसीसीचं म्हणणं मान्य झालं, निकाल लिहिला जस्टिस थॉमस यांनी. विरोधात कोण? कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांचे दैवत, जस्टिस स्कालिया! त्यांनी पिझ्झाचं उदाहरण दिलं: दुकानदार म्हणतो आम्ही डिलिव्हरी करत नाही, फक्त पिझ्झा भाजतो आणि मग तुमच्या घरी आणून देतो. केबलवाल्याचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. शेजाऱ्यांनी हे घरी जाऊन शोधलं, दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

मग 2021 ला टेक्सासने एचबी 20 आणला, 5 कोटींच्या वर युजर असलेल्या सोशल मीडिया कंपन्यांनी मतं बघून पोस्ट काढायच्या नाहीत, त्यांना कॉमन कॅरियर समजा, म्हणजे टेलिफोनसारखी, सगळ्यांना सारखीच सेवा द्यायला बांधलेली कंपनी. शेजारी खूश. मी म्हटलं, काका (मनात म्हटलं, तोंडावर त्यांच्या नावानेच हाक मारतो), वायरवाल्याला कॉमन कॅरियर म्हटलं की समाजवाद आणि वेबसाइटवाल्याला म्हटलं की स्वातंत्र्य? त्यांचं उत्तर तयार: केबल कंपनीने माझं तोंड कधी बंद केलं नाही, यांनी केलं. पटलं नाही, पण उत्तर अगदी पोकळ पण नाही. जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती केस परत खाली पाठवली.

आता शेजाऱ्यांचा हुकमाचा पत्ता. 2023 च्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका कंपनीने आमच्या गल्लीत फायबरसाठी खणायला सुरुवात केली. लॉनची वाट लागली, एचओएने पत्रं पाठवली, सगळं झालं. आणि खणणारे अजून कोपऱ्यावर होते तोवर आमच्या जुन्या कंपनीचा फोन, सर, तुम्ही आमचे जुने ग्राहक, 79 चं 45 करतो, कॅप काढून टाकतो. सहा वर्षं फोनवर त्यांचं ते संगीत ऐकत जे मिळालं नाही ते एका खड्ड्याने मिळवून दिलं. शेजारी काही बोलले नाहीत, नुसतं त्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. मानलं बाबा. फक्त सहा वर्षं त्या खड्ड्याची वाट बघणाऱ्याने काय करायचं हे त्यांच्या पक्षाने कधी सांगितलं नाही, आणि आता 2 जानेवारी 2025 ला सहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने बायडेनच्या वेळी परत आणलेला नेट न्यूट्रॅलिटीचा नियमही रद्द केल्यावर एफसीसीला तिथे फारसं काही करता येईल असं दिसत नाही. ज्यांच्या गल्लीत खड्डा आला नाही ते अजून तेराव्या महिन्याला 79 भरतायत.

फायबर घेतलं. अपलोड 300, आईचा चेहरा गोठत नाही.

जुन्या कंपनीला अडीच स्टार: दोन डाउनलोडला, अर्धा त्यांच्या घरी येणाऱ्या टेक्निशियनला, बिचारा भर उन्हात अटिकमध्ये चढला होता. बाकीचे अडीच मोडेमपायी गेले. 2019 लाच परत केलेल्या मोडेमचं भाडं पुढे अकरा महिने लावत होते, आणि सोडताना परत तोच मोडेम आला नाही म्हणून 120 डॉलर मागितले. पावती होती म्हणून वाचलो. अजून आहे, राउटरखाली ठेवलीय.