सदाशिव पेठेतली अभ्यासिका, सीट नंबर 31: नऊ महिन्यांचा अनुभव

16 मार्च 2024 ला गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, निकाल लागला. सिव्हिल, 100 पैकी 34.33 गुण, स्कोअर 418. पात्र ठरले होते, त्यामुळे कराडला घरी सगळे "पास झालीस ना, मग?" म्हणत होते. पण जेमतेम पात्र ठरणाऱ्यालाच 350 स्कोअर मिळतो आणि स्कोअरची मोजणी 1000 पर्यंत जाते. मुंबईच्या आयआयटीत स्ट्रक्चर्समध्ये एम.टेक. करायचं दोन वर्षं मनात धरलेलं, तिथे 418 घेऊन अर्ज भरायला हात उचलला नाही. पुढचे तीन आठवडे मी रूमवर पडून होते. शेवटी माझी रूममेट, ती एमपीएससी करते, एप्रिलमध्ये मला तिच्या अभ्यासिकेत घेऊन गेली.

अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही. ती चालवणाऱ्या काकांनीच सांगितलंय, "48 सीटा आहेत, सगळ्या भरलेल्या. पोरी चौकशीला येतात आणि मला नाही म्हणायला लागतं." पण पेठांमध्ये अशा जागा गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे जागा बघताना काय बघायचं हे कुणाला तरी उपयोगी पडेल.

फी महिन्याला 1,300, लॉकरचे 100 वेगळे, डिपॉझिट 500. सकाळी 6 ते रात्री साडेदहा. मुलींचा हॉल वेगळा, दुसऱ्या मजल्यावर. प्रत्येक सीटला स्वतःचा प्लग आणि दिवा आहे, खुर्चीला पाठ नीट टेकते, पाण्याचा फिल्टर वेळच्या वेळी बदलतात. वर पत्रा आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपारी एक ते चार बसवत नाही. मी तेवढा वेळ रूमवर जायचे. 22 मुलींना एकच टॉयलेट आणि संध्याकाळपर्यंत त्याची अवस्था वाईट व्हायची. दोनदा सांगितल्यावर नोव्हेंबरपासून दुपारी दुसऱ्यांदा सफाई सुरू झाली. वायफाय आतल्या रांगेत पोचत नाही. एनपीटीईएलची (आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन) लेक्चर्स मी जिन्याजवळ उभी राहून डाउनलोड करून घेते.

मला या जागेने जे दिलं ते मात्र कोपऱ्यातल्या दोन जुन्या कॉम्प्युटरपाशी मिळालं. ऑनलाइन टेस्ट देणाऱ्यांसाठी ते ठेवलेत. वहीत नाव लिहायचं, तीन तासांचा स्लॉट मिळतो, वेगळे पैसे नाहीत. माझ्या शेजारच्या सीटवर एक ताई बसते. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत ती दोनदा थोडक्यात राहिली आहे. पहिल्या आठवड्यात मी नुसतीच पुस्तक उघडून बसायचे, ते तिने बघितलं असावं. डबा खाताना तिने विचारलं, "पेपर परत सोडवलास का गं?" मी रिस्पॉन्स शीट, म्हणजे परीक्षेत मी दिलेल्या उत्तरांची नोंद, तीसुद्धा उघडली नव्हती. तिने दुसऱ्या दिवशीचा दहा ते एकचा स्लॉट माझ्या नावाने लिहून टाकला आणि माझा मोबाईल स्वतःच्या लॉकरमध्ये ठेवला.

तोच पेपर, 65 प्रश्न, तीन तास. मग टिळक रोडवरून रिस्पॉन्स शीट आणि अधिकृत उत्तरसूची प्रिंट करून आणली आणि तिच्यासमोर लाल पेनाने लावत बसले. बरोबर उत्तरांचे गुण 42 होते. एका गुणाचे, पर्याय निवडायचे 9 प्रश्न चुकलेले, म्हणजे 3 गुण कापलेले. दोन गुणांचे 7 चुकलेले, म्हणजे 4.67. तिथे 7.67 गेले. त्या 16 पैकी 11 मी दोन पर्यायांत अडकून अंदाजाने मारले होते. ज्या प्रश्नांत आकडा टाईप करायचा असतो त्यांना निगेटिव्ह मार्किंग नसतं, आणि तसले 8 प्रश्न मी कोरे सोडले होते! त्यातले पाच त्या दिवशी आले. विषय येत नाही म्हणून मी रडत होते, आणि समोर दिसत होतं की आरसीसी आणि सॉइल हे सिव्हिलचे विषय मला येतात. वेळ पुरला नव्हता.

वेळ का पुरला नाही, तेही त्याच टेबलावर कळलं. मी घरी कायम कॅसिओच्या कॅल्क्युलेटरवर आकडेमोड केली होती. परीक्षेत स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर असतो, एकेक बटण माउसने दाबायचं, कीबोर्ड चालत नाही. लॉगरिदम आणि कंस असलेलं एक गणित मी तिथे चार वेळा केलं होतं, ते आठवून पोटात गोळा आला. त्या दिवसापासून कॅसिओ लॉकरच्या तळाशी आहे. रोज 20 गणितं त्या कॉम्प्युटरवर, माउसनेच.

ऑगस्टमध्ये हॉल दोन-तीन दिवस जवळजवळ रिकामा होता. एमपीएससीची पूर्व आणि आयबीपीएसची, म्हणजे बँक भरतीची, परीक्षा दोन्ही 25 तारखेला आल्या होत्या आणि माझ्या हॉलमधल्या मुली शास्त्री रोडवर आंदोलनात बसल्या होत्या. पूर्व पुढे गेली, शेवटी 1 डिसेंबरला झाली. परत आल्यावर ताईने तेच पॉलिटीचं (राज्यघटना आणि राज्यव्यवस्थेचं) पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. तिसऱ्यांदा. मी तिच्याकडे बघत राहिले होते. माझं मार्चमधलं दुःख खोटं नव्हतं, पण त्यानंतर ते मी कुणाला सांगितलं नाही.

गणपतीच्या आधीचे आठवडे आवाजाचे. नदीपात्रातल्या पथकांच्या सरावाचा ठोका संध्याकाळी इथपर्यंत येतो. विसर्जनाच्या, 17 सप्टेंबरच्या दिवशी काकांनी अभ्यासिका बंदच ठेवली, ते योग्य केलं.

हे लिहितेय तेव्हा जानेवारी 2025 आहे, गेटचा पेपर फेब्रुवारीत. टेस्ट सिरीजमध्ये 48 ते 55 गुण पडतायत. मुंबईच्या आयआयटीला ते पुरणार नाहीत, एखाद्या एनआयटीचं दार उघडू शकतं. पप्पांना हे सगळं आकड्यांसकट फोनवर सांगितलं. मार्चमध्ये मला त्यांना स्कोअरसुद्धा सांगवला नव्हता, आईने सांगितला होता.

पेठेत सीट बघत असाल तर एसी आहे का याच्या आधी टेस्ट द्यायला कॉम्प्युटर आहे का ते विचारा. इथे वही सकाळी सहाला उघडते आणि सव्वासहापर्यंत स्लॉट संपतात. डावीकडच्या कॉम्प्युटरचा माउस अडकतो, उजवीकडचा घ्या.