लिचेसवरील ‘स्टडी’ : पिल्सबरी–तराश डावाच्या निमित्ताने

बुद्धिबळाचा जुना डाव पुस्तकातून पाहताना नजर पुढच्या चालीवर जातेच आणि स्वतः विचार करण्याआधी उत्तर हाती येते. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरील ‘स्टडी’ ही सुविधा नेमकी हीच अडचण दूर करते. डावाची पीजीएन नोंद (चाली साठवण्याचा संगणकीय मजकूर) टाकली की प्रकरण तयार होते, आणि पुढच्या चाली लपवण्याचा पर्याय निवडला की समोर उरतो तो केवळ पट. यासाठी ना वर्गणी, ना जाहिराती. संकेतस्थळ देणग्यांवर चालते.

ही सुविधा पारखायला १८९५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतील हॅरी पिल्सबरी (पांढरी मोहरी) विरुद्ध सीगबर्ट तराश (काळी मोहरी) हा डाव उत्तम आहे. तराशने क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड हा सुरुवातीच्या चालींचा अभिजात बचाव निवडला आणि अकराव्या चालीला सी स्तंभातले प्यादे सी४ या घरावर ढकलून वजिराच्या बाजूला प्याद्यांचे बहुमत, म्हणजे पांढऱ्यापेक्षा जास्त प्यादी, मिळवले. मात्र त्यामुळे डी४ वरचा दाब संपला आणि पांढऱ्याला ई५ वर घोडा रोवून, एफ४ चा आधार देऊन राजाच्या बाजूला निर्धास्तपणे हल्ला उभारता आला. चाली झाकून खेळताना सी३ वर पोहोचलेल्या काळ्या प्याद्याची धास्ती खरोखर जाणवते, आणि म्हणूनच पंचेचाळिसावी चाल थक्क करते. एच६ वरचा घोडा नुकताच बळी गेलेला, पांढरा एका मोहऱ्याने मागे, आणि पिल्सबरी शांतपणे राजा एच१ वर नेतो. शह नाही, मारामारी नाही. फक्त हत्तीसाठी जी१ मोकळे झाले. बावन्नाव्या चालीला मात होते.

चालींचे विश्लेषण करणारे स्टॉकफिश हे संगणकीय इंजिन येथेच उपलब्ध आहे, परंतु ते कोण किती वरचढ आहे याचा आकडा आणि चाली दाखवते, कारण सांगत नाही. सी४ ने तराशने काय कमावले आणि काय गमावले, हे त्या आकड्यातून उमगत नाही. पहिल्या वाचनात ते बंदच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वीच्या डावांत कोणत्या चाली खेळल्या गेल्या हे दाखवणारा ओपनिंग एक्सप्लोररही सुरुवातीच्या चालींपुरताच उपयोगी पडतो.

प्रशिक्षकांसाठी परस्परसंवादी धड्याचा पर्याय सर्वांत मोलाचा आहे. त्यात विद्यार्थ्याला चाल स्वतः शोधावी लागते आणि चुकीच्या चालीसाठी आधीच लिहून ठेवलेले स्पष्टीकरण दाखवता येते. हे लिहिण्यास वेळ लागतो, तरी राजा एच१ या चालीपाशी तरी तो अवश्य द्यावा. बहुतेकांना तेथे आधी शहच द्यावासा वाटेल.