युनिफाय की ओमाडा? आणि कंट्रोलर ठेवायचा कुठं, ते आधी ठरवा

चार-पाचच्या वर ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे) लावायचे असतील तर ते सगळे एका जागेवरून सांभाळणारा कंट्रोलर पाहिजेच, कारण एकेका एपीत लॉगिन करून पासवर्ड बदलत बसायला कुणाला वेळ नसतो आणि मग वर्षानुवर्षं तोच पासवर्ड अख्ख्या गल्लीला पाठ होतो. सोलापुरात विचारणारे बहुतेक जण दोन नावांवर येऊन थांबलेले असतात, युबिक्विटीचं युनिफाय आणि टीपी-लिंकचं ओमाडा. रेंज कुणाची जास्त, स्पीड कुणाचा जास्त यावर लोक तासन्‌तास बोलतात. पण एकाच दर्जाचे एपी घेतले तर सात रस्त्याजवळच्या लॉजला किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला त्यात फारसा फरक जाणवत नाही. खरा फरक पडतो तो कंट्रोलर कशावर चालतोय आणि लावणारा माणूस गेल्यावर तो कोण बघणार यावर.

कंट्रोलर बंद झाला की वायफाय बंद होतं असा बऱ्याच जणांचा समज आहे, तसं नाही. दोन्ही ब्रँडमध्ये सेटिंग एपीत उतरलेली असते, साधा पासवर्डवाला वायफाय चालूच राहतो. अडतं ते व्हाउचरवाल्या, म्हणजे पाहुण्यानं कोड टाकून करायच्या गेस्ट लॉगिनला. समजा गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आहेत, लॉज फुल्ल, रात्री अकराला अक्कलकोटहून दर्शन करून एक कुटुंब आलं, काउंटरवरच्या पोरानं व्हाउचर दिलं, पण कंट्रोलर बिलिंगच्या पीसीवर आणि तो पीसी मॅनेजर घरी जाताना बंद करून गेलाय. मोबाईल वायफायला जोडला जातो पण लॉगिनचं पान काही उघडत नाही, आणि पाहुणा म्हणतो तुमचं नेटच बोगस आहे. तेव्हा गेस्ट व्हाउचर लागणार असतील तर कंट्रोलर चोवीस तास चालू पाहिजे, यात तडजोड करू नका.

आता पीसीवरचा सॉफ्टवेअर कंट्रोलर दोघांचाही फुकट मिळतो म्हणून मोह होतो. पण त्या पीसीचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) फिक्स केला नाही तर एक दिवस राउटर त्याला दुसरा आयपी देतो आणि सगळे एपी डिस्कनेक्टेड दिसायला लागतात, युनिफायचे एपी तर ८०८० पोर्टवर जुन्याच पत्त्याला हाका मारत बसतात. लाइट अचानक गेली आणि यूपीएस नसला की डेटाबेस खराब व्हायची भीती वेगळीच. बॅकअप नसेल आणि पीसी फॉरमॅट झाला, एपींचा लॉगिन पासवर्डही कुणाकडे नसेल, तर मग शिडी लावून एकेक एपी पिननं रीसेट करायचा, आणि कारखान्याच्या शेडमध्ये पत्र्याजवळ चढून हे करणं म्हणजे काय ते लूमवर काम करणाऱ्यांना विचारा. ऑफिसात लिनक्सचा सर्व्हर आधीच चालू असेल, त्याला बघणारा माणूस असेल, तर मात्र पैसे वाचवा, बिनधास्त सॉफ्टवेअर वापरा.

बाकीच्यांनी कंट्रोलरचा छोटा डबा घ्यावा. ओमाडाचा ओसी-२०० पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) किंवा साध्या मायक्रो यूएसबीवर चालतो, त्याला पंखा नाही, यूएसबी पेन ड्राइव्ह लावला की ऑटो बॅकअप घेतो आणि मोबाईलवरून बाहेरून बघायला वर्षाची लायसन्स फी नाही. युनिफायच्या क्लाउड की जेन-२ मध्ये आत बॅटरी आहे, त्यामुळं लाइट गेली तरी तो नीट शटडाउन होतो, आणि जिथं दुपारी दोन-तीनदा लाइट जाते तिथं ही फार कामाची गोष्ट आहे. युनिफायचं ॲपही जास्त सुटसुटीत, नवख्या मालकालाही कुठला एपी लाल झालाय ते पटकन कळतं. राउटरसुद्धा बदलायचाच असेल तर युनिफायचा क्लाउड गेटवे घेतला की राउटर आणि कंट्रोलर एकाच डब्यात येतो. आणि एक लक्षात ठेवा, ओमाडाच्या कंट्रोलरला युनिफायचे एपी चालत नाहीत, उलटंही नाही, म्हणजे आधी दुसऱ्या ब्रँडचे लावलेले वाचवून ठेवायचा विचार सोडा.

मायक्रोटिक या तिसऱ्या ब्रँडचा कंट्रोलर, कॅप्समॅन, राउटरमध्ये फुकट येतो, पण त्यात कॅप्समॅनशी संपर्क तुटला की एपीचा वायफायही बंद पडतो, नेटवर्कचा पक्का माणूस हाताशी असेल तरच त्या वाटेला जा.

आपल्याकडचा उन्हाळा मात्र कुठल्याच ब्रँडला माफ करत नाही. घरात लावायच्या बऱ्याच एपींची मर्यादा साधारण ४० अंश असते आणि मे महिन्यात पत्र्याखाली त्याच्या वरच जातं, वर कापसाचे तंतू सगळीकडं उडतात. शेडमध्ये आउटडोअर मॉडेलच लावा, ओमाडाचं ईएपी-२२५ आउटडोअर ७० अंशापर्यंतचं आहे, आणि ते पत्र्याला चिकटवू नका, खांबावर खाली घ्या, कारण लोखंडी लूमच्या रांगांत सिग्नल आपटून गोंधळ होतो. जुन्या पेठेतल्या दगडी वाड्यात मेशच्या (केबलशिवाय एपी एकमेकांना जोडण्याच्या) भरवशावर राहू नका, प्रत्येक एपीला कॅट-६ केबल ओढा, स्विचपासून शंभर मीटरच्या आत.

मला विचाराल तर लॉज, क्लास, मंगल कार्यालय यांना ओमाडा आणि ओसी-२००. लाइटचा त्रास जास्त आणि मालक स्वतः मोबाईलवर बघणारा असेल तर दोन पैसे जास्त देऊन युनिफाय. रोमिंगसाठी, म्हणजे चालताना मोबाईल एका एपीवरून दुसऱ्यावर जावा म्हणून, मात्र यातलं काहीच घेऊ नका, कुठला एपी पकडायचा ते शेवटी मोबाईलच ठरवतो. एपीची पॉवर कमी ठेवा, २.४ गिगाहर्ट्‌झच्या बँडमध्ये चॅनल १, ६, ११ वाटून द्या, अर्धी तक्रार तिथंच मिटते.

आणि काहीही घेतलं तरी कंट्रोलरचं अकाउंट मालकाच्या ईमेलवर काढायला लावा, लावणाऱ्याच्या नको, तो उद्या पुण्याला गेला की तुमच्याच वायफायचा पासवर्ड त्याला फोन करून मागायची वेळ येते. बिल देण्याआधी बॅकअप फाइल आणि एपींचा लॉगिन पासवर्ड हातात घ्या.