हार्डकव्हर, पेपरबॅक, ई-रीडर: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि एक कणा तुटल्यानंतर

800 पृष्ठांचं हार्डकव्हर. किंमत त्याच मजकुराच्या पेपरबॅकच्या दुपटीहून जास्त. कापडी पुठ्ठा, वर जॅकेट, कण्याच्या दोन्ही टोकांना रंगीत पट्टी, खुणेसाठी फीत. काही महिने रोज हाताळल्यावर ते मधोमध दुभंगलं आणि मागच्या बाजूचा अस्तराचा कागद (पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला) फाटून आतला गठ्ठा पुठ्ठ्यातून सुटला. तेवढ्याच वापरातली पेपरबॅक प्रत अजून धडधाकट आहे. म्हणून या अनुभवातला मोठा भाग कण्याबद्दल आहे. कागद, छपाई, जॅकेट यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, पण पुस्तक टिकणार की नाही हे जिथे ठरतं त्या भागाबद्दल विक्रीच्या पानावर एक ओळसुद्धा नसते.

सुटलेल्या गठ्ठ्याची पाठ पाहिली तर कुठेही धागा नाही. म्हणजे पेपरबॅकची बांधणी करून तिच्यावर पुठ्ठा चढवला आहे. या पद्धतीत छापील फर्मे (घडी घालून केलेले पानांचे जुडगे) एकावर एक रचतात, पाठीकडच्या घड्या दोन-तीन मिलिमीटर कापून काढतात, कडा खरवडतात आणि सुट्या झालेल्या पानांवर गरम डिंकाचा थर देतात. डिंक बहुतेकदा ईव्हीए जातीचा, साधारण 160 ते 180 अंश सेल्सिअसला वितळवलेला. तो लगेच घट्ट होतो, म्हणून छापखान्याला सोयीचा. पण थंडीत कडक होऊन तडकतो, आणि उन्हात तापलेल्या बंद गाडीत मऊ पडून पानं सरकू देतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर तर त्याची पकड मुळातच कमी. चित्रांची पानं आधी गळतात ती यामुळे. जाड पुस्तकात पुठ्ठ्याचं वजनही कण्यावर येतं, मधोमध उघडलं की सगळा ताण एकाच रेषेवर पडतो आणि तिथे डिंकाला चीर जाते. एकदा चीर गेली की प्रत्येक वेळी उघडताना ती वाढतच जाते.

शिवलेल्या पुस्तकात, म्हणजे जुजबंदीत, घड्या कापत नाहीत. प्रत्येक फर्मा घडीतून धाग्याने शिवतात आणि तो शेजारच्या फर्म्याला बांधतात. डिंक वाळून गेला तरी पानं जागेवर राहतात. शिवलेलं पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं, आणि घडी कापलेली नसल्यामुळे आतला समासही खाल्ला जात नाही.

घेण्याआधी ओळखायचं कसं? रंगीत पट्टीवर जाऊ नका, ती वरून चिकटवलेली शोभा असते. पुस्तक थोडं उघडून कण्याकडे वरच्या कडेने पाहा. पानांचे छोटे छोटे गोल जुडगे दिसले तर घड्या शाबूत आहेत, सरळ सपाट कड दिसली तर कापलेल्या आहेत. जुडगे दिसले म्हणजे शिवण आहेच असंही नाही. काही छापखाने घडीत फक्त खाचा पाडून त्यांत डिंक भरतात. खात्री धाग्यानेच होते. फर्मा 16 पृष्ठांचा असेल तर पहिल्या फर्म्यात आठव्या आणि नवव्या पृष्ठांच्या मधल्या घडीत धागा दिसतो, पुढे दर 16 पृष्ठांनी. पृष्ठक्रमांक प्रस्तावनेनंतर सुरू होत असतील तर आकडे सरकतात, पण अंतर तेच राहतं. 32 पृष्ठांचे फर्मे असतील तर अंतर दुप्पट.

सोबत कागदाची दिशाही पाहावी. कागदाचे तंतू कण्याला समांतर हवेत. एक पान हलकं वाकवून पाहा, आधी वाकाची रेषा कण्याला समांतर ठेवून आणि मग आडवी ठेवून. ज्या रेषेवर कमी जोर लागतो ती तंतूंची दिशा. तंतू आडवे असतील तर दमट हवेत कण्याजवळ पानांना लाटा येतात, पुस्तक आपोआप मिटत राहतं आणि डिंकावर कायमचा ताण राहतो.

पेपरबॅकबद्दलचं मत या काही महिन्यांत बदललं. सुरुवातीला ते एकदा वाचून देऊन टाकायचं, एवढाच त्याचा हिशेब होता. टिकलेल्या प्रतीत मात्र पीयूआर जातीचा डिंक आहे. थर पातळ, कण्यावर फारशी जाडी नाही, पुस्तक जवळजवळ सपाट उघडतं. हा डिंक साधारण 120 अंशांच्या आसपास लावतात, तो हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून पक्का होतो, त्याला एक दिवस तरी लागतो, आणि नंतर थंडी-उन्हात लवचीकच राहतो. आता क्रम असा: शिवलेलं हार्डकव्हर, शिवलेलं किंवा पीयूआरचं पेपरबॅक, साधं पेपरबॅक, आणि सगळ्यांत शेवटी डिंकाचं हार्डकव्हर. शेवटच्याला दुप्पट पैसे का द्यायचे याचं पटणारं उत्तर मिळालेलं नाही.

हार्डकव्हरची एक अडचण शिवणीनेही सुटत नाही. पुठ्ठा पानांपेक्षा तिन्ही बाजूंनी सुमारे तीन मिलिमीटर पुढे असतो. पुस्तक उभं ठेवलं की पुठ्ठा फळीवर टेकतो आणि पानांचा गठ्ठा तीन मिलिमीटर अधांतरी लटकतो. त्याचं सारं वजन अस्तराचा कागद आणि कण्यावरच्या जाळीच्या कापडावर. दोन किलोचा ग्रंथ वर्षानुवर्षं असा उभा राहिला की कण्याची वरची बाजू पुढे झुकते आणि सांधा, म्हणजे पुठ्ठा कण्याला जोडला जातो ती जागा, फाटतो. जड पुस्तकं आडवी ठेवा, एकावर एक तीनपेक्षा जास्त नकोत. फळीवरून काढताना कण्याचं वरचं टोक ओढू नका. शेजारची दोन पुस्तकं आत ढकलून मधलं दोन्ही बाजूंनी धरा.

पान सुटलं तर सेलोटेप लावू नये. तिचा चिकटा पिवळा पडून कागदात झिरपतो आणि मग काढता येत नाही. पानाच्या आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटरचा पांढऱ्या पीव्हीए डिंकाचा पातळ पट्टा द्या, पान कडेला कड जुळवून बसवा, दोन्ही बाजूंना मेणकागद घाला आणि वजनाखाली रात्रभर ठेवा. सांधा नुसता ढिला झाला असेल तर विणकामाच्या सुईला डिंक लावून ती कण्याच्या पोकळीत सांध्यालगत फिरवा आणि पुस्तक दाबून ठेवा. मधोमध दुभंगलेल्या कण्याला हे इलाज पुरत नाहीत. तिथे बाइंडरकडे नवी बांधणी करावी लागते, आणि फर्मे कापलेले असल्यामुळे तीही पानांच्या कडेतून टाके घालूनच. मग आतला समास आणखी आक्रसतो.

ई-रीडर स्वस्त पडतो का? पेपरबॅकची किंमत 100 धरा, ई-बुकची 60, यंत्राची 1000. दर पुस्तकामागे 40 वाचतात, म्हणजे 25 पुस्तकांनंतर यंत्राचे पैसे फिटतात. पण वाचून झालेलं पेपरबॅक 40 ला विकत असाल तर तुमचा खरा खर्चही 60 च, आणि यंत्राचे पैसे कधीच फिटत नाहीत. ई-बुक पुन्हा विकता येत नाही हे या हिशेबात बहुतेक जण धरतच नाहीत. उलट, कॉपीराइट संपलेले ग्रंथ वाचणाऱ्यांना ते फुकट मिळतात, त्यांचं यंत्र लवकर वसूल होतं.

मालकीचा प्रश्न त्याहून मोठा. ई-बुक म्हणजे बहुधा वाचनाचा परवाना. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली काही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून (अ‍ॅमेझॉनचा ई-रीडर) परस्पर काढून घेतली, पैसे परत केले. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुक दुकान बंद केलं तेव्हाही पैसे परत आले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी 2025 पासून अ‍ॅमेझॉनने संकेतस्थळावरून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात घालण्याची सोय काढून टाकली. कॉपी करण्यावर कुलूप नसलेली ईपब (ई-बुकचा एक प्रचलित प्रकार) फाइल मिळत असेल तर तीच घ्यावी आणि एक प्रत स्वतःकडे वेगळी ठेवावी.

सहा इंची पडद्यावर कादंबरी उत्तम. 300 पीपीआयला (इंचाला 300 ठिपके) अक्षर कागदाइतकं स्वच्छ दिसतं, आणि रात्री प्रकाश कमी करून वाचण्याचं सुख छापील पुस्तकात नाही, हे मान्य करायलाच हवं. पण ए4 आकाराची पीडीएफ त्यावर मावते तेव्हा 12 पॉइंटचं अक्षर जेमतेम पाच पॉइंटचं होतं, आणि स्कॅन केलेलं असेल तर अक्षर वाढवून ओळी नव्याने मांडता येत नाहीत. तक्ते, तळटिपा, नकाशे असलेली पुस्तकं कागदावरच घ्यावीत. यंत्र महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवा, पूर्ण रिकामी नको.

ऑडिओबुक चालताना, काम करताना सोबतीला छान. तासाला साधारण 9,000 शब्द, म्हणजे 90,000 शब्दांच्या पुस्तकाला दहा तास. मागचा एखादा संदर्भ शोधायचा झाला की मात्र हाल होतात.

हार्डकव्हर ऑनलाइन मागवणार असाल तर विक्रेत्याला आधी लिहून विचारा: शिवलेलं आहे की डिंकाचं? उत्तर जपून ठेवा. पुस्तक आल्याच्या दिवशीच पहिले तीन फर्मे उघडून धागा पाहा, परत करण्याची मुदत संपायच्या आत. धागा नसेल तर जॅकेटला हात न लावता परत पाठवा.